एवारिस्तोचा बर्फाचा डोंगर

"एवारिस्तो, देवमासा होता, बुडाला, असं म्हण आणि मिटव," हेर्कुलानोकाका किनाऱ्यावर बाबांना सांगत होते. "म्हणे बर्फाचा डोंगर! आपल्या पिको बेटापाशी, एवढ्या उबदार समुद्रात! लोक येडा म्हणतील तुला."

"दिसलं ते सांगितलं," बाबा म्हणाले.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा कड्यावरच्या टेहळणीच्या खोपीत दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसत. देवमाशाचा फवारा दिसला की दारूचा बाण उडवायचा. मग माणूस चर्चमध्ये असो की पानावर, थेट होड्यांकडे धावे. त्या रविवारी सणाचं गोमांसाचं सार नुकतं वाढलं होतं, आणि बाण उडाला. काकांची होडी चार तास वल्ही मारून रिकामी परतली. बाण देवमाशासाठी नव्हे, बर्फाचा डोंगर दाखवायला उडवला होता हे कळल्यावर लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग ते हसत सुटले.

ते हसू तीस वर्षं टिकलं. "एवारिस्तो, वाईन कोमट आहे, जरा डोंगर फोडून आण की!" बाबाही हसत. पण टेहळ्याची सगळी इज्जत त्याच्या डोळ्यांत असते, आणि माझे बाबा फार मानी होते. धुण्याच्या टाकीवरचे टोमणे ऐकून माझी आई देओलिंदा एकदा म्हणाली, "निदान मला तरी खरं सांगा हो." बाबांनी हातातला पाव खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

पुढे देवमाशांची शिकार बंद झाली. आई गेली. काचबिंदूने बाबांचे दोन्ही डोळे गेले.

गेल्या ऑगस्टमध्ये हेर्कुलानोकाका घरी आले. मी पुढ्यात ठेवलेल्या चीजला त्यांनी हात लावला नाही.

"एवारिस्तो, होडीत सहा जण वल्हवतात ते पाठ करून. पुढचं दिसतं फक्त सुकाणूवाल्याला."

"मला शिकवतोस होय रे?"

"ऐक तरी. सुकाणूवर मी होतो. धुकं क्षणभर फाटलं आणि तो समोर उभा. चर्चपेक्षा उंच. पोरांना कळायच्या आत धुकं मिटलं, मी होडी वळवली. म्हटलं, काही नाही तिथे. तांडेल घाबरला हे कसं सांगणार? आणि मग लोक हसायला लागले, मग तर..."

मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. बाबा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"पाण्यालगत कसा होता?" त्यांनी विचारलं.

"हिरवा. हिरवी पट्टी होती, बाटलीच्या काचेसारखी."

ती पट्टी बाबांनीही पाहिली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हाच कळलं; त्यांनी ती कधीच कुणाला सांगितली नव्हती, मलासुद्धा नाही. त्यांनी चाचपडत काकांचं मनगट धरलं.

"गाढवा, तीस वर्षं लावलीस," ते म्हणाले. "डोंगर खरा होता हे मला माहीतच होतं रे. देओलिंदाला नव्हतं. उद्या सकाळी घेऊन चल मला तिच्याकडे."

सकाळी दोघे म्हातारे एकमेकांना धरून कबरस्तानाचा चढ चढले. मी मागून हायड्रेंजियाची फुलं घेऊन गेले. आईच्या दगडापाशी काकांनी टोपी काढली आणि धुकं, उंची, आपली भीती, सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. सांगून झाल्यावर ते डोळे पुसत टोपी घालायला लागले.

बाबांनी त्यांना कोपराने ढोसलं.

"पट्टी राहिली," ते म्हणाले. "पट्टी सांग तिला."