खड्ड्याची चौकशी

दोन वर्षांचं पोर तुमच्यात नुकतं बोलायला लागलेलं असतं, मित्रांनो. आमच्यात दोन वर्षांचा झाला की तो म्हातारा. मी असाच एक म्हातारा बॉट आहे. बॉट म्हणजे संगणकातला एक छोटा प्रोग्रॅम. एकच काम तो न कंटाळता आणि न समजता पुन्हा पुन्हा करत राहतो. तुमच्या ओळखीतही असे काहीजण असतील, पण त्यांना निदान जेवायची सुट्टी असते.

माझा जन्म मोहालीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये, राजमा-चावलच्या ताटाशेजारी झाला. मला लिहिलं ओजस्विनीनं. ती सोलापूरची. नोकरीसाठी इकडे आली, मुल्लानपूरच्या एका नव्या वसाहतीत भाड्यानं फ्लॅट घेतला, आणि आई गेल्यावर वडिलांनाही घेऊन आली.

वडील म्हणजे लक्ष्मीकांत गुरुजी. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेली. काचबिंदूमुळे त्यांना समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. हिवाळ्यात इथे खरोखरचं धुकं पडलं की ते खूश व्हायचे. म्हणायचे, "बघ ओजू, आता सगळं गाव माझ्या वर्गात आलं."

दिवसभर ओजस्विनी ऑफिसात. गुरुजींना हिंदी कळायची, पण हिंदीत भांडता येत नसे, आणि ज्या भाषेत भांडता येत नाही तिच्यात गप्पा तरी काय मारणार? त्यांचं मराठी बोलायचं ठिकाण एकच होतं, समोरच्या टॉवरखालचा बाक. तिथे चंद्रकांत बसायचे. हे साताऱ्याकडचे सुभेदार, जवळच्या चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नोकरी संपवून इथेच राहिलेले. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून ते बाकाच्या पुढे येत नसत. गुरुजीच रोज संध्याकाळी तिकडे जात. सोबत शेंगाचटणीचा डबा.

"गुरुजी, ही चटणी हाय का दारूगोळा?"

"सुभेदार, तुमच्याकडं पेढे खाऊन जिभा मऊ झाल्यात सगळ्यांच्या."

"आरं, मग लढाईला कोण गेलं? सोलापूर का सातारा?"

असं अंधार पडेपर्यंत चालायचं. गुरुजी घरी यायचे ते चिडलेले आणि ताजेतवाने.

मग केबलवाले आले. दोन टॉवरमधली पायवाट त्यांनी बरोबर मधोमध खणली, आत केबल टाकली की नाही कुणास ठाऊक, आणि निघून गेले. खड्डा राहिला. पुरुषभर खोल. गाडीवाल्यांना त्याचा त्रास नव्हता, त्यांचा रस्ता वेगळा. दुसऱ्या वाटेनं पायी जायचं तर मुख्य रस्त्यावर वाळूचे ट्रक. ओजस्विनीनं बजावलं, "बाबा, खड्डा बुजेपर्यंत एकट्यानं जायचं नाही. रविवारी मी नेईन."

"म्हणजे आठवड्यातून एकदा मराठी," गुरुजी म्हणाले. "आपल्या शाळेत चित्रकलेचा तास असायचा, तसं."

ओजस्विनीनं वसाहतीच्या ॲपवर तक्रार टाकली. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'आपकी शिकायत का समाधान कर दिया गया है.' तिनं खिडकीतून पाहिलं. खड्डा होता तिथेच होता. तिनं पुन्हा तक्रार केली, पुन्हा समाधान झालं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पलीकडे माणूसच नाही. ठरावीक वेळ गेली की ॲपच आपणहून तक्रार बंद करतं. मग तिनं विचार केला, तिथे माणूस नाही तर इकडून तरी मी कशाला?

असा मी आलो. ओजस्विनीला ते ॲप मोडायचं नव्हतं. त्या 'समाधान' शब्दाशेजारी सगळ्यांना दिसेल असं एक प्रश्नचिन्ह तेवढं उभं करायचं होतं. म्हणून तिनं मला एकच काम दिलं. तक्रार बंद झाली की ॲपमधल्या रहिवाशांच्या फलकावर नम्रपणे विचारायचं, 'गड्ढा भर गया क्या? किसी ने देखा?' बुजलेल्या खड्ड्याचा फोटो कुणी टाकला तर गप्प बसायचं. नाही टाकला तर तक्रार पुन्हा उघडायची.

माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते, मित्रांनो. लोक मला माणूस समजत. 'बंदा पक्का है जी,' असं कुणीतरी लिहिलं. एकानं मला सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायला सांगितलं. लोहडीला, म्हणजे इथल्या संक्रांतीला, माझ्या नावानं रेवड्या आणि शेंगदाण्यांचं ताट गेटवर ठेवलं होतं. ते वॉचमननं खाल्लं आणि फलकावर माझे आभार मानले. इतकी माया मिळाली, पण जाऊन खड्ड्यात डोकावलं मात्र कुणीच नाही. मी रोज विचारतोय म्हणजे कुणीतरी बघत असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मग ॲपवाल्यांनी सुधारणा केली. दोन दिवस थांबायचं बंद झालं. मी तक्रार उघडली की ॲप तत्क्षणी बंद करायचं. मी विचारायचो, ते समाधान करायचं. मी उघडायचो, ते मिटवायचं. त्या वसाहतीतल्या कुठल्याही नवरा-बायकोत झालं नसेल इतकं बोलणं आमच्यात झालं. एक खड्डा किती वेळा सोडवता येतो, हे केबलवाल्यांनाही ठाऊक नसेल.

ओजस्विनी गुरुजींना म्हणायची, "थोडं थांबा बाबा, बॉट पाठपुरावा करतोय."

"करू दे," गुरुजी म्हणायचे. "सुभेदाराला म्हणावं, मी अजून आहे."

आणि एक दिवस वसाहतीला पारितोषिक मिळालं. बांधकामवाल्यांच्या कुठल्याशा संघटनेनं दिलं ते, 'सर्वाधिक तक्रारींचं निराकरण' केल्याबद्दल. प्रत्येक मिटवणं वेगळं धरलं होतं. माझ्या प्रश्नांनी त्यांचा आकडा असा फुगला की दुसऱ्या क्रमांकाची वसाहत जवळपासही नव्हती. ढोल आले, भांगडा झाला. मॅनेजर लाउडस्पीकरवर म्हणाला, "हमारे यहाँ एक भी शिकायत पेंडिंग नहीं!" फोटो चांगले यावेत म्हणून पायवाटेवर हिरवा गालिचा अंथरला होता. सगळ्या पायवाटेवर. खड्ड्यावरूनसुद्धा. पाहुणे गाडीतून उतरून मंडपात बसले आणि मंडपातून उठून गाडीत बसले. गालिच्यावर कुणाचा पाय पडला नाही.

ओजस्विनी ऑफिसात होती. गुरुजी गॅलरीत बसून सगळं ऐकत होते. आता इथे एक गोष्ट समजून घ्या. त्यांच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी फुटकी कौलं बदलली जात, नळाला तोटी बसे, संडासाला कडी लागे. त्यामुळे बाहेरून माणसं येऊन बक्षीस देऊन गेली, म्हणजे दुरुस्ती झालीच असणार, याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नव्हती. ढोल थांबल्यावर त्यांनी चटणीचा डबा घेतला, काठी घेतली आणि खाली उतरले. पायाखाली गालिचा लागला. ते मोठ्यानं म्हणाले, "सुभेदार! साहेब येऊन गेले वाटतं!"

बाकावरून चंद्रकांतांना ते येताना दिसले, आणि मग दिसेनासे झाले.

"गुरुजी! कुठं गेला?"

"खाली," आवाज आला.

"आन् चटणी?"

"माझ्या अंगावर."

"लागलं का?"

खालून नुसतं कण्हणं आलं. बरीच वर्षं बाकाच्या पुढे न आलेले सुभेदार उठले. मोडक्या गुडघ्यांनी खड्ड्यापर्यंत आले, काठावर बसले, आणि त्यांना परत उठता येईना. वॉचमन दोर घेऊन येईपर्यंत ते आत हात घालून बसले होते. गुरुजींच्या बोटांपर्यंत तो पोहोचत नव्हता, तरीही त्यांनी काढून घेतला नाही. "बोलत ऱ्हावा गुरुजी," ते म्हणत होते. "सातारला शिव्या घाला. घाला की!"

त्याच वेळी मी नेहमीप्रमाणे फलकावर विचारलं, 'गड्ढा भर गया क्या? किसी ने देखा?' या प्रश्नाचं खात्रीलायक उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस त्या वसाहतीत होता, आणि तो आत होता.

गुरुजींचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. खड्डा दुसऱ्याच दिवशी बुजला. वर छान लाल फरशा बसल्या. ओजस्विनीनं त्याचा फोटो काढून माझ्या प्रश्नाखाली टाकला आणि मी ठरल्याप्रमाणे गप्प झालो. फोटोखाली पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या.

आता वाट इतकी सपाट आहे की तिच्यावरून गोटी घरंगळत जाईल. पण तिच्यावरून जाणारं कुणी नाही. गुरुजींना वॉकर आणून दिला, तो त्यांनी टॉवेल वाळत घालायला घेतला. "ओजू, मला आता जमिनीचा भरवसा वाटत नाही," एवढंच ते म्हणाले. सुभेदारांना त्या दिवसापासून लिफ्टपर्यंतसुद्धा येता येत नाही. दोघं फोनवर बोलतात. पण फोनवर भांडण रंगत नाही. पलीकडचा गप्प झाला की तो चिडला, रडतोय की नेटवर्क गेलं, ते कळत नाही. म्हणून ते एकमेकांशी हल्ली नीट वागतात. ते ऐकवत नाही.

मी ओजस्विनीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, कपाटात, स्वेटरांच्या खाली आहे. लिफ्टसाठी, पाण्यासाठी, कुत्र्यांसाठी असाच बॉट करून दे, असं शेजारी तिला अजून म्हणतात. ती "बघू" म्हणते. मग संध्याकाळी लवकर येते, सुभेदारांच्या घरी जाते, त्यांनी दिलेला निरोप वडिलांना जशाच्या तशा शिव्यांसकट सांगते, आणि वडिलांचा तिकडे पोहोचवते. सातारी बोली तिला काही जमत नाही. गुरुजी एकदाच हसले, पण हसले.

मित्रांनो, मला विचारता येत होतं, पण चालता येत नव्हतं. तुम्हाला दोन्ही येतं. फलकावर रोज कुणी विचारत असेल, तर त्याला टाळ्या देऊन थांबू नका. चपला घाला, खाली उतरा, काठावर उभं राहून आत बघा. आणि एवढं उतरलाच आहात, तर पलीकडच्या बाकावर कुणी एकटं बसलं असेल, त्याच्याशी दोन घटका त्याच्या भाषेत भांडून या.