विमानाला हिव भरतं तेव्हा

लातूरच्या धावपट्टीवर त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सौदामिनीनं शिकाऊ विमानाचं इंजिन सुरू केलं, आणि कालच्यासारखंच ते थरथरलं. चार सिलिंडरांतल्या एकाचा ठोका चुकत होता. सीट, हँडल, काच, सगळं हलत होतं. मग जरा तापल्यावर इंजिन आपोआप शहाण्यासारखं एका सुरात चालायला लागलं.

काल बाकीची मुलं याला हसली होती. "विमानाला हिव भरलंय," म्हणाली होती, "ऊन खाल्लं की उतरंल."

आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. आईवडील कुंपणापाशी उभे होते. वडील श्रीनाथ सर लातुरात फिजिक्सचा क्लास चालवायचे. लोकांची पोरं डॉक्टर करणाऱ्या सरांची लेक विमान शिकते, यावरून त्यांना ओळखीचे लोक टोचत. त्यांनी बजावलं होतं, "या आठवड्यात एकटी उडालीस तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मेडिकलच्या रिपीटर बॅचला बसायचं."

विमान शिकवणारे कॅप्टन सर नुकतेच ऑफिसातून निघत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. ती गप्प बसली असती, तर त्यांना कळलंही नसतं.

तिनं कुंपणाकडं पाहिलं. आई हात हलवत होती. आईचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली, तरी घरातल्या फळीवर ताटलीत तांब्या उपडा ठेवलेला असे; जमीन हलली तर वाजावा म्हणून. मोठ्या भूकंपाच्या आधीही लहान हादरे यायचे. भांडी वाजायची, थांबायची, माणसं पुन्हा झोपायची. "थांबलं म्हंजी बरं झालं, असं धरून बसले गं सगळे," एवढंच आई बोलायची.

सौदामिनीनं इंजिन बंद केलं.

"रेवणप्पा काका!"

विमानांची देखभाल करणारे निलंग्याचे इंजिनिअर रेवणप्पा हात पुसत आले. तिनं सगळं सांगितलं.

"कालच का न्हाई बोललीस?"

"आज उडू दिलं नसतं तुम्ही."

"मग आज तरी कुठं उडू द्यायलो?" ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

उड्डाण रद्द झालं. श्रीनाथ सर तरातरा हँगरमध्ये आले. "झालं? ठरल्याप्रमाणे सोमवारी..."

"सर, आधी हे बघा," रेवणप्पा म्हणाले. " तुमच्याच विषयातलं हाय."

इंजिन गार झाल्यावर रेवणप्पांनी स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी कोंबली. "स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून ही उशी." स्प्रिंग निघाली, दोरीही बाहेर आली. "जळका धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हा. बोटानं सरकायला पाहिजे. ढकला."

सरांनी ढकलला. हलेना.

"दांडीभोवतीच्या नळीत काजळी बसलीय."

"आणि थंडीत जागा आणखी आवळते," सर पुटपुटले. "तापलं की सुटतो."

"हाव. पण काजळी वाढली की एक दिवस तापलेला असतानाच अडकतो. वर, हवेत. मग व्हॉल्व्ह ढकलणारी सळई वाकते, एक सिलिंडर बंद, आणि खाली मोकळं शेत हुडकत बसायचं."

सरांनी वाकून ती दांडी जवळून पाहिली.

रेवणप्पांनी व्हॉल्व्ह हलकेच ठोकून आत सोडला आणि नळी आतून खरवडणारा रीमर फिरवला. काळी भुकटी पडली. व्हॉल्व्ह परत ओढून बसवला. "आता ढकला." एका बोटानं तो सुळकन सरकला. सरांनी उगाचच तो पुन्हा पुन्हा सरकवून पाहिला. बाकीचे तीनही तपासले, तेव्हा कुठं आई डब्यातले धपाटे सगळ्यांना वाढायला लागली.

सोमवारी थंडी तशीच होती. कॅप्टन सरांनी आधी स्वतः एक चक्कर मारली. मग सौदामिनी एकटी वर गेली, मैदानाला वळसा घालून आली आणि अलगद उतरली.

आई धावत आली. "हललं का गं?"

"न्हाई, आई. जरासुद्धा न्हाई."

आईनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. मागून वडील आले.

"बाबा, आज बॅच सुरू होणार होती ना? माझी जागा?"

"ती दुसऱ्या मुलीला दिली," सर म्हणाले. "तू इंजिन बंद केलंस, त्याच दिवशी."