दर खेपेला अर्धा पौंड

मी एक जुनं गटिंग मशीन आहे, मित्रांनो. बॅडमिंटनच्या रॅकेटला तारा ओढणारं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत अप्पांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथं खिडकीपाशी माझा मुक्काम. रंग उडालाय, एक पाय डुगडुगतो, आणि स्वभाव म्हणाल तर पहिल्यापासून अस्वस्थ. दिवसभर तारा ताणायच्या म्हणजे अंग सैल सोडायची सोयच नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. रॅकेट माझ्या छातीवर आवळून बसवायची, तार चापात धरायची आणि माझी लोखंडी दांडी खाली सोडायची. दांडीवर एक वजन सरकतं. ते जितकं टोकाकडे, तितकी तार घट्ट. बाजूला पौंडांचे आकडे कोरलेत. तार सैल असली तर शटल लांब उडतं. घट्ट असली तर खेळाडू म्हणेल तिथं पडतं, पण खांद्याला झटका बसतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यातच आहे.

अप्पांची मुलगी अनुजा माझ्यासमोर वाढली. सात वर्षांची असताना ती शेजारच्या स्टुलावर बसून तारांचे तुकडे गोळा करायची. बघता बघता पोरगी राज्यात गाजली, देशभर खेळायला लागली, खेळणं हाच तिचा व्यवसाय झाला. कुठंही जायचं असलं तरी रॅकेट इथूनच तयार होऊन जायच्या. माझ्या रॅकेटला अप्पांशिवाय कुणाचा हात लागायचा नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. गिऱ्हाइकं मुद्दाम मला बघायला यायची. काय मिरवलं म्हणून सांगू!

मग एकोणिसाव्या वर्षी तिचा खांदा दुखावला. सहा महिने घरात. केस विंचरायलासुद्धा आई लागायची. अप्पांनी त्याचा धसकाच घेतला. बरी होऊन ती परत आली आणि नेहमीसारखी म्हणाली, अठ्ठावीस पौंड. अप्पा बरं म्हणाले आणि वजन साडेसत्तावीसवर ठेवलं. पुढच्या खेपेला सत्तावीस. असं अर्ध्या अर्ध्या पौंडानं उतरत ते पंचवीसवर आले. फरक इतका हळूहळू पडला की तिच्या हाताला कळलंच नाही. मला मात्र दर खेपेला कळत होतं, आणि सांगायला तोंड नाही. नुसता जळफळाट.

अनुजा हरायला लागली. तिचे फटके मागच्या रेषेच्या बोटभर बाहेर पडायचे. ती आणखी सराव करायची, आणखी हरायची. वर्ष असंच गेलं. एका संध्याकाळी दुकानात येऊन तिनं सांगून टाकलं, की बेंगळुरूची स्पर्धा शेवटची; आपला हातच गेलाय, आता खेळणं बंद. अप्पा मान खाली घालून रॅकेटच्या रबरी मुठी मोजत बसले. अहो, बोला की! माझा जीव नुसता वरखाली होत होता. पण ते शटर ओढून घरी गेले.

बेंगळुरूची गोष्ट मी मागाहून दुकानातच ऐकली. तिथं पहिल्याच सामन्याआधी तिच्या दोन रॅकेटच्या तारा तुटल्या. नाइलाजानं तिनं तिथल्या तारा ओढणाऱ्या माणसाकडून एक ओढून घेतली, अठ्ठावीसवर. आणि काय सांगता, फटके रेषेच्या आत पडायला लागले! सामना ती थोडक्यात हरली, पण तिच्या डोक्यात किडा शिरला.

परतल्यावर ती घरी गेलीच नाही. बॅग तशीच घेऊन दुकानात आली, दुसरी तुटलेली रॅकेट माझ्यावर ठेवली, आणि लहानपणीचं ते स्टूल ओढून शेजारी बसली. अठ्ठावीस ओढा, म्हणाली. अप्पांच्या हाताला सवय झालेली. अंगठा वजन घेऊन सरळ पंचवीसवर जाऊन थांबला.

"अप्पा, हे पंचवीस हाय."

अप्पांनी वर बघितलं नाही. "तुझा खांदा परत जाऊ नये म्हणून केलं, पोरी."

"खांदा माझा हाय न्हवं? मला विचारायचं होतं. वरीसभर मी रडलो, माझा हात गेला म्हणून."

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

"व्हय. म्हणालो असतो."

तिनं स्वतः वजन अठ्ठावीसवर सरकवलं आणि स्क्रू आवळला. अप्पांनी तारा ओढल्या. रॅकेट घेऊन ती रायपूरच्या स्पर्धेला गेली, बापाशी एक शब्द न बोलता. ते आठ दिवस अप्पा मला दिवसातून तीनदा पुसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

नवव्या दिवशी अनुजाचा फोन आला. अप्पांनी तो स्पीकरवर टाकून माझ्या शेजारीच ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तीन सामने जिंकली होती, चौथा हरली होती.

"अप्पा, खांदा दुखतोय. पुढच्या खेपेला अर्धा पौंड कमी करा."

समोर रॅकेट नव्हती, तार नव्हती. तरी अप्पा उठले आणि वजन साडेसत्तावीसवर आणून ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या मशीनला तेलपाणी करत जा. आणि कुणाच्या काळजीपोटी काही करायचं झालं, तर आधी त्याला सांगा. हल्ली अप्पा प्रत्येक रॅकेटचा आकडा मोठ्यानं वाचतात, दुकानात ऐकायला कुणी नसलं तरी.