आपलं डुक्कर

भाषा हा माणसाचा आत्मा आहे. आमच्या मालाकुला बेटावर असे तीसेक आत्मे नांदतात, आणि त्यांतले बरेचसे डुकरांवरून भांडतात.

डोंगरावरच्या आमच्या गावाचं आणि खाली किनाऱ्यावरच्या गावाचं भांडण मात्र एका पायवाटेचं होतं, म्हणजे तसं हलक्या दर्जाचंच. अकरा वर्षं पुरवून ते गेल्या साली मिटलं.

समेटाच्या दिवशी पाहुण्याने यजमानाच्या भाषेत बोलायचं, ही इथली रीत. बिस्लामा ही देशभरची सामायिक बोली सगळ्यांनाच येते, पण ती बाजारात कंद विकायला आणि राजधानीत सरकार पाडायला. समेटाला ती चालत नाही. आमच्याकडून बोलणार होता मासिंग. मी दोन्ही गावांच्या मधल्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेली, म्हणून त्याच्याकडून खालच्या भाषेतली सहा वाक्यं घोकून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. पाच वाक्यं नम्रतेची होती. चौथं त्याने हट्टाने घालायला लावलं: ‘वर आमचं एक डुक्कर आहे, त्याचा सुळा वाटोळा होत आलाय.’

त्यात खोटं काही नव्हतं. नऊ वर्षं पोसलेलं डुक्कर. सुळ्याचं वर्तुळ पुरं झालं की त्याचा बळी देऊन मासिंग गावातल्या मानाच्या वरच्या पायरीचं नाव घेणार होता. त्याचे वडील त्या नावाला एक पायरी उरली असतानाच वारले. मासिंग बासष्टचा. दुसरं डुक्कर वाढवण्याइतकं आयुष्य त्याच्या हाताशी नव्हतं.

खालच्या भाषेत ‘आमचं’ आणि ‘आपलं’ यांत एका स्वराचं अंतर आहे. ऐन वेळी मासिंगने छाती फुगवली, स्वर लांबला, आणि ‘वर आपलं एक डुक्कर आहे’ असं होऊन बसलं. किनाऱ्यावरच्या मंडळींनी खुशीत मांड्यांवर थापा मारल्या. मासिंगला वाटलं, उच्चार आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा प्रमुख एसरोम तीन माणसं घेऊन वर आला. आता पाहुणा तो, म्हणून आमच्या भाषेत बोलला, आणि दुर्दैवाने अगदी शुद्ध.

“मासिंगभाऊ, आपलं डुक्कर बघायला आलो. जरा बारीक वाटतंय.”

मासिंगची बायको रोझलीन दारातच होती. ती म्हणाली, “छत्तीस वर्षांच्या संसारात भांडंसुद्धा कधी ‘आपलं’ म्हणाला नाही हा माणूस. पहिल्यांदा म्हणाला ते यांना.”

दोघांच्या डुकरावर एकाला नाव घेता येत नाही. म्हणून गोष्ट पंचायतीत गेली. नोंद करायला तालुक्याहून साहेब आला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, वाचून दाखवलं, आणि ते दोघांनाही मान्य झालं. फ्रेंचमध्ये लिहिलं, तेही मान्य झालं. त्या दोन्ही भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच शब्द आहे, त्यामुळे तंटा मिटणं दूरच, मुळात मांडताच येत नाही. साहेब समाधानाने निघून गेला. डुक्कर होतं तिथेच राहिलं.

मग साक्ष माझी. शिकवलं काय, तर ‘आमचं’. बोलला काय, तर ‘आपलं’. मी खरं ते सांगितलं आणि दोन्ही गावांच्या मनातून उतरलो.

एसरोम म्हणाला, “शिकवलं काय याला अर्थ नाही. आमच्या भाषेत बाहेर पडलेला शब्द परत गिळत नाहीत.”

मासिंगने हातातली कावाची, म्हणजे गुंगी आणणाऱ्या मुळांच्या रसाची, करवंटी एका घोटात रिकामी केली. मग उठून तो खालच्याच भाषेत, एकेक स्वर मोजून बोलला.

“बोललो ते बोललो. डुक्कर आपलं. खालचा वाटोळा वाढावा म्हणून वरचे सुळे उपटलेत त्याचे, चावता येत नाही. दोन्ही वेळा तारोचा कंद मऊ शिजवून हाताने भरवावा लागतो, आणि तोही मालकाच्याच हाताने. दुसऱ्या कुणाला धाडलं तर डुकराचा अपमान. संध्याकाळचं मी बघतो. सकाळचं, प्रमुख, तुमच्याकडे.”

किनाऱ्यावरून आमच्या गावाला दोन तासांची उभी चढण आहे. एसरोम शब्दाचा पक्का. पहिल्या दिवशी पातेलं घेऊन आला तेव्हा गावाने कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी डुक्कर त्याचं बोट चावायला गेलं, पण वरचे सुळे नसल्याने नुसतं चोखलं. पाचव्या दिवशी रोझलीनने त्याला सुचवलं की तारो जरा कमी मऊ झालाय.

नवव्या दिवशी तो आला, पातेलं खाली ठेवलं आणि मासिंगशेजारी ओंडक्यावर बसला. पाय चोळत राहिला.

“मासिंगभाऊ,” तो म्हणाला, “समेटाच्या दिवशी समुद्राचा आवाज फार होता. ते चौथं वाक्य जरा पुन्हा म्हणून दाखवतोस का?”