चार नंबरच्या पट्ट्यावरचे टॅग

सकाळच्या पाळीत विमानतळाच्या चार नंबरच्या पट्ट्यावर ४१२ बॅगा चढल्या. त्यांपैकी ५७ बॅगांचे टॅग यंत्राला वाचता आले नाहीत. इतर पट्ट्यांवर हा आकडा पाचाच्या वर गेला नव्हता. चार नंबरवर बॅगा चढवणाऱ्या मामांना कामावरून हलवायचं, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. टॅग वाचणारी यंत्रं माझ्याकडे होती; मी एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

लोंबणारा प्रत्येक टॅग मामा हलकेच बॅगेखाली सरकवत होते.

"मामा, असं का करता?"

"लोंबता ठेवला की रोलरमध्ये अडकून फाटतो. मग ती बॅग कुणाची, हे शोधत बसा!"

"पण यंत्र वरून बघतं. खालचं त्याला दिसत नाही."

"अगं, एवढं महागाचं यंत्र आणलंत आणि त्याला मान वाकवता येत नाही होय?"

मला हसू आलं, पण मुद्दा बरोबर होता. दुपारी आम्ही चार नंबरचा पट्टा जिथे पुढच्या पट्ट्याला मिळतो, तिथल्या फटीखाली खालून टॅग वाचणारा एक जास्तीचा स्कॅनर बसवला. मामांना काहीच बदलायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी ३९८ बॅगा चढवल्या. न वाचलेले टॅग दोन निघाले, फाटलेला एकही नव्हता.