दुसरा टोला

कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत वन्सं आणि मी शेजारी शेजारी बसायचो. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनीच मला तिथे चिकटवलं होतं. भट्टीतून आलेल्या प्रत्येक कपाला लाकडी काडीने टोला द्यायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत तडा. त्या किणकिणीची मला अजून स्वप्नं पडतात.

पन्नाशीनंतर वन्संचा कान गेला. बोलणं ऐकू यायचं, पण कपाच्या आवाजातला बारीक फरक कळेना. मग त्या आपले ट्रे माझ्याकडे सरकवायच्या, मी गुपचूप दुसरा टोला द्यायची. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

तेवढ्यात नवे मॅनेजर आले. बोलायला फार गोड. स्टूल ओढून आमच्यात बसायचे.

"बदल वरून लादायचा नसतो, काकू. तुम्हीच सांगा, वेळ कुठे जातो?"

वीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी हुरळले. काही ट्रे दोनदा तपासावे लागतात, असं बोलून गेले.

"कुणाचे?"

मी जीभ चावली, पण नजर वन्संकडे गेलीच.

सोमवारी मॅनेजरांनी सगळ्यांना गोल करून उभं केलं. मध्ये पडदा. एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला मी आणि दहा कप.

"टोले काकूच देतील. त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

पहिलाच कप तडकलेला. मी टोला दिला.

"चांगला," वन्सं म्हणाल्या.

दुसराही तडकलेला. "चांगला."

"यांना सगळं जगच चांगलं वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

दहा कप झाल्यावर मॅनेजर म्हणाले, "इतकी वर्षं सेवा केली, त्याबद्दल टाळ्या!" सगळ्यांनी वाजवल्या. मीही. त्या मात्र वन्संना नीट ऐकू आल्या. दुपारी त्यांनी डबा उचलला आणि घर गाठलं. माझ्या छातीवर बिल्ला लागला: 'बदलाची पहिली साथीदार'.

आमचे हे गेले, आता घरात आम्ही दोघीच. रोज सकाळी चहा ओतण्याआधी वन्सं माझा कप उचलतात, त्याला नखाने टोला देतात.

"काय गं बिल्लेवाली, कसा वाजला?"

आता माझाही कान गेलाय.

"चांगला," मी मोठ्याने म्हणते.

त्या कप खाली ठेवतात आणि टाळ्या वाजवतात.