हाटपिपल्याचं शून्य

"तुम्हाला इथं पाठवलं कुणी?" भाऊंनी त्या मुलीला पुन्हा विचारलं, आणि उठून वर्कशॉपचं दार नीट लागलंय ना ते पाहून आले.

भाऊ म्हणजे माझे यजमान. देवासजवळचं आमचं सगळं हाटपिपल्या गाव त्यांना भाऊ म्हणतं, म्हणून मीही. लोखंडी फाटकं बनवणं हा धंदा आणि संशय घेणं हा स्वभाव. दुधात पाणी आहे का, हे ते थेट म्हशीलाच विचारतील! पूर्वी त्यांचं एक खुरपणीचं अवजार कुणी कारखानदार पाहून गेला आणि स्वतःच्या नावानं विकू लागला. तेव्हापासून घराला खिडक्या आहेत याचंही त्यांना दुःख आहे.

मुलगी स्वानंदी, देवासला कॉलेजात शिकणारी. "काका, रिसर्च करतेय मी. जिल्ह्यात नवीन काय बनतं ते पेटंट मोजून ठरवतात. सगळे पेटंट शहरातल्या कंपन्यांचे, गावांसमोर शून्य. आमचे सर म्हणतात, शून्य म्हणजे तिथे कुणाला काही सुचतच नाही. मला नाही पटत. एक तरी चीज बघायला मिळाली ना, तर बनवणाऱ्याच्या नावासकट लिहीन."

"आम्ही फाटकं बनवतो," भाऊ म्हणाले.

"और कुछ?"

"खिडक्यांचे गज."

दाराआड लसूण लावायचं यंत्र उभं होतं. एकेक पाकळी शेंडा वर ठेवून सरळ मातीत रोवणारं. भाऊंनी त्यात बरीच वर्षं घातलीत. परसात मी ते चालवून पाहिलंय, कंबर न वाकवता वाफा लावून होतो. या यंत्रावर तरी भाऊंचं नाव लागावं असं मला फार वाटायचं, आणि त्यांना तर माझ्याहून जास्त.

"अहो, दाखवा की तिला," मी म्हटलं.

"प्रमोदिनी, चहा टाक."

स्वानंदीनं चहा घेतला, मोबाइलमध्ये काहीतरी खोडलं आणि नमस्कार करून गेली.

"हिला आपलं नाव कळलं कसं?" रात्रभर हेच. यंत्राचे भाग ते मुद्दाम वेगवेगळ्या गावांत करून घेत. चाकं धारला, स्प्रिंगा देवासला. पूर्ण यंत्र कुणाला कळायला नको. पाकळ्या धरणारी चकती तेवढी कन्नौदच्या राजवीरच्या लेथवर व्हायची, आणि ती कशाची हे त्याला एकट्यालाच सांगावं लागलं होतं.

"त्यानंच विकलं," भाऊंनी निकाल दिला.

सकाळी आम्ही कन्नौदची बस धरली. भांडण आवरायला कुणीतरी हवं म्हणून मी गेले.

"आओ भाऊ! काकी, बसा ना," राजवीरनं लेथ बंद केला.

भाऊ उभ्यानंच म्हणाले, "माझं यंत्र कुणाला विकलंस?"

"मैंने? ती छोरी इथे आली होती. विचारत होती, इधर कोई नई चीज बनाता है क्या. मी म्हटलं, मैं तो नाप से काटता हूं, दिमाग हाटपिपल्याच्या भाऊंचं. उन्हीं का नाम लिखना."

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"काल संध्याकाळी तिचा फोन आला," राजवीर हात पुसत म्हणाला. "म्हणाली, भिया, मला फालतू का फिरवलंत? वो तो गेट बनाते हैं. झूठा ठरलो मी, भाऊ."

"राजवीर, मला वाटलं..."

"समजलं, काय वाटलं ते." त्यानं तयार चकती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. भाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकी, ये आखिरी. आता दुसरं कुणी बघा."

भाऊंनी त्याच्याकडूनच स्वानंदीचा नंबर मागून घेतला आणि तिथंच फोन लावला. "मी हाटपिपल्याचा भाऊ बोलतोय. यंत्र आहे माझ्याकडे. लसणाचं."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं. "काका, मी सकाळीच सबमिट केलं. हाटपिपल्यासमोर शून्यच लिहिलंय."

"ते राहू दे," भाऊ म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. "राजवीर खरं बोलला होता. तेवढं लक्षात ठेवा."

राजवीरनं लेथ चालू केला. भाऊंनी तेच वाक्य पुन्हा, त्याच्याकडे बघून, ओरडून म्हटलं. तो पाठमोरा लोखंड कापत राहिला.